राधिकेला काय ऐकू येत होते?

'हम पाँच' ही विनोदी मालिका १९९५ साली झी टीव्हीवर सुरू झाली आणि मराठी घरांनी ती हिंदी असूनही आपलीच मानली. कारण उघड होते. पाच मुलींच्या तावडीत सापडलेला बाप, आनंद माथुर, म्हणजे आपले अशोक सराफ. भिंतीवरच्या तसबिरीतून त्याच्याशी बोलणारी त्याची दिवंगत पहिली पत्नी म्हणजे प्रिया तेंडुलकर. मालिकेचे जुने भाग आजही आवडीने पाहिले जातात. आम्हीही अलीकडे काही भाग पुन्हा पाहिले, आणि या वेळी आमचे लक्ष राधिकेकडे गेले.

राधिका पाच बहिणींपैकी एक. अभ्यासू, चष्मा लावणारी आणि कानाने अधू. ही भूमिका विद्या बालन आणि अमिता नांगिया या दोघींनी केली. घरात कोणी काही विचारावे, राधिकेने भलतेच ऐकावे, भलतेच उत्तर द्यावे आणि मागून ध्वनिमुद्रित हशा यावा, असा तिच्या वाट्याच्या विनोदाचा बहुतेक एकच साचा आहे.

प्रथम मालिकेचे ऋण मान्य केले पाहिजे. आपल्या पडद्यावर अपंग व्यक्ती दीर्घकाळ दोनच कामांसाठी येत असे: प्रेक्षकांना रडवण्यासाठी, नाही तर शेवटच्या रिळात चमत्काराने बरी होण्यासाठी. राधिकेच्या बाबतीत यातले काही घडत नाही. तिच्यासाठी कोणी नवस बोलत नाही, तिला ओझे मानत नाही. ती घरातली एक मुलगी आहे, बहिणींशी भांडते, आणि बुद्धीने त्यांच्यापेक्षा उजवी आहे. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती.

मग खुपते काय? बहिरेपणावर विनोद केला, एवढ्यावरून आम्ही खट्टू होणार नाही. ज्या भाषेत 'वासरांत लंगडी गाय शहाणी' आणि 'आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं' असे आपण दिवसाढवळ्या बोलतो, त्या भाषेच्या लोकांनी एकट्या दूरदर्शनवर रागावणे बरे नव्हे. आमची तक्रार वेगळी आहे. राधिकेचा बहिरेपणा लेखकाने नीट पाहिलेलाच नाही.

ज्यांना कमी ऐकू येते अशी माणसे प्रत्येक धर्मग्रामात असतात. त्यांपैकी अनेकांना आवाज येतो, पण शब्द कळत नाही. 'स', 'फ', 'त' यांसारखी बारीक व्यंजने आधी निसटतात. स्वर तेवढे उरतात. कानातले यंत्र माणसाच्या बोलण्याबरोबर पंख्याची घरघर आणि भांड्यांचा खणखणाटही मोठा करते. म्हणून एका शब्दाच्या जागी त्याच्या यमकाचा दुसरा ऐकू येणे, हे मालिकेत दाखवले ते खरेच आहे. परंतु खरी राधिका मोठ्याने चुकीचे उत्तर देत नाही. एकदा हसे झाले की ती सावध होते. समोरच्याच्या ओठांकडे पाहते, अंदाज बांधते, आणि अंदाज बसला नाही तर हसून मान हलवते. 'काय म्हणालास?' हे ती दोनदा विचारते, तिसऱ्यांदा विचारत नाही. कारण तिसऱ्यांदा उत्तर येते, 'काही नाही, जाऊ दे.' बहिऱ्या माणसाच्या आयुष्यातील हे सर्वांत क्रूर वाक्य असावे, आणि ते बहुधा घरचेच लोक बोलतात. मालिकेत ते सापडत नाही, कारण तिथे राधिकेचे चुकणे सर्वांनाच हवे असते.

त्याच सुमारास, १९९६ साली, संजय लीला भन्साळी यांचा 'खामोशी' आला. गोव्यातील कॅथलिक ब्रगांझा कुटुंब, घरोघर साबण विकणारे मूकबधिर आईबाप (नाना पाटेकर आणि सीमा बिस्वास), आणि गाण्याचे वेड असलेली मुलगी. चित्रपट भडक आहे, अश्रूंचा हात सैल आहे; पण त्यात ऐकू येणाऱ्या मुलीला आईबापांची हातवाऱ्यांची भाषा येते. माथुरांच्या घरात राधिकेसाठी अशी भाषा शिकण्याची तसदी कोणी घेत नाही. दिवंगत पत्नीचे टोमणे ऐकायला आनंदला वेळ आहे. मुलीकडे तोंड करून सावकाश बोलायला नाही!

संत मार्कच्या शुभवर्तमानातील सातव्या अध्यायात बहिऱ्या माणसाला लोक प्रभूकडे आणतात. प्रभू त्याला गर्दीतून बाजूला नेतो, त्याच्या कानांत बोटे घालतो, जिभेला स्पर्श करतो, वर पाहतो. शब्द उच्चारतो तो शेवटी. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी प्रभू आधी खुणांनी बोलला. नागपूरचे आपले कॅथिड्रल ज्यांच्या नावे आहे त्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांनीही मार्टिन नावाच्या मूकबधिर माणसाला खुणांनीच धर्मशिक्षण दिले. लेखक-पत्रकारांचे हे आश्रयदाते संत बहिऱ्यांचेही आश्रयदाते आहेत. मालिका लिहिणाऱ्यांनी त्यांना दोन्ही नात्यांनी हाक मारायला हरकत नाही.

'आँख मिचोली' या चित्रपटावरून आलेल्या प्रकरणात ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही अपंगत्वाची समज वाढवणारा विनोद आणि अपंगाला हिणवणारा विनोद असा भेद केला. 'हम पाँच'ला या तराजूत घातले तर काटा मध्येच कुठे तरी थांबेल. हिणवण्याचा हेतू तिच्यात दिसत नाही. समज वाढवण्याची इच्छाही दिसत नाही.

आणि विनोद तर तिथे हाताशी होता. पाच मुली, आईबाप, शिवाय तसबीर, सगळे एकाच वेळी बोलताहेत आणि कोणी कोणाचे ऐकत नाही. एखाद्या भागात कॅमेरा राधिकेच्या खुर्चीवर ठेवून, आवाज बंद करून, तेच घर दाखवले असते, तर उरलेल्यांच्या कानांविषयी प्रेक्षकांना पुष्कळ हसता आले असते.