संयुक्त पदवी : माप कोणाचे?

परदेशी विद्यापीठांबरोबर संयुक्त पदवी देण्याची नियमावली विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली काढली. दोन्ही संस्थांत प्रत्येकी किमान ३० टक्के श्रेयांक मिळवावेत, ही तिची मुख्य अट. पण श्रेयांक म्हणजे काय? युरोपात एका श्रेयांकामागे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे श्रम, घरचा अभ्यास धरून. आपल्याकडे सत्रभर आठवड्याला एक तास व्याख्यान किंवा दोन तास प्रयोग. तीन वर्षांच्या पदवीला तिकडे सहसा १८०, इकडे किमान १२०. तिकडचे तीन म्हणजे इकडचे दोन, हा त्रैराशिकाचा भाग झाला. परंतु आमच्या नागपुरात एका उपकरणाभोवती पाच-सहा जण उभे राहून वाचने उतरवून घेतात ते दोन तास, आणि एकट्याने उपकरण जुळवण्यात घालवलेले दोन तास, यांचे मोल एकच कसे? याचे उत्तर टक्केवारीत नाही.

मुंबईची आयआयटी आणि ऑस्ट्रेलियाचे मोनॅश विद्यापीठ यांची संशोधन अकादमी २००८ पासून संयुक्त पीएच.डी. देते. तिथे विद्यार्थ्याला दोन्हीकडचे मार्गदर्शक असतात. काम दोघांच्याही नजरेखालून जाते. आम्हांला ही रीत पटते. पण बी.एस्सी.च्या साठ मुलांच्या वर्गाला असे दोन मार्गदर्शक कोण देणार?