एका अक्षरावरचा ठपका

'अमुक जनुकामुळे कर्करोगाचा धोका' अशा मथळ्यांची कात्रणे विद्यार्थी वर्गात आणतात. ती कशी वाचावीत, हे एका उदाहरणावरून पाहू.

पेशीतील तंतुकणिकांना स्वतःचा छोटा डीएनए असतो. त्यात १६,५६९ अक्षरे व ३७ जनुके असतात आणि तो आपल्याला आईकडून मिळतो. त्यातील १०,३९८ व्या जागी काही लोकांत 'ए' हे अक्षर असते, तर काहींत 'जी'. ही जागा ऊर्जानिर्मितीतील एका प्रथिनाच्या जनुकात आहे, म्हणून तिच्याकडे लक्ष गेले. २००५ साली आफ्रिकी-अमेरिकी स्त्रियांच्या पाहणीत, निरोगी स्त्रियांपेक्षा स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांत 'ए'चे प्रमाण अधिक आढळले. २००७ साली भारतीय रुग्णांबाबतही तसाच निष्कर्ष प्रसिद्ध झाला. परंतु २००८ साली आफ्रिकी-अमेरिकी स्त्रियांच्याच अधिक मोठ्या पाहणीत हा संबंध दिसला नाही.

असे का होऊ शकते? तंतुकणिकांच्या डीएनएत आई-वडिलांच्या अक्षरांची सरमिसळ होत नाही. त्यामुळे प्रत्येक अक्षर मातृकुळाच्या इतर अक्षरांसह, संचानेच येते. भारतात 'एम' या मातृकुळातील बहुतेकांत 'जी' असते, तर 'एन' कुळाच्या बऱ्याच शाखांत 'ए'. या कुळांचे प्रमाण प्रांतागणिक व समाजागणिक बदलते. समजा, रुग्ण पंजाबातून निवडले आणि निरोगी व्यक्ती ओडिशातून, तर रुग्णांत 'ए' अधिक दिसेल. पण ती कर्करोगाची नव्हे, वंशाची खूण असेल.

याउलट 'एसडीएचडी' हे जनुक पाहा. ते केंद्रकात, ११ व्या गुणसूत्रावर असते; त्याचे प्रथिन मात्र तंतुकणिकेत काम करते. मान व डोक्याच्या भागातील विशिष्ट गाठींशी त्याचा संबंध २००० साली जोडला गेला, तो कुटुंबांतून पिढ्यान्‌पिढ्यांचा माग काढून. हा संबंध पुढेही टिकला.

म्हणून आक्षेप संशोधनावर नाही. एका पाहणीतील आकडेवारीच्या संबंधाला लगेच 'धोका' म्हणण्यावर आहे. आईच्या आजाराने आधीच धास्तावलेल्या मुलीला असा मथळा 'आईकडून आलेला दोष' वाटू शकतो. तेव्हा कात्रण हाती आले की विद्यार्थ्यांना विचारायला लावावे: रुग्ण आणि निरोगी व्यक्ती एकाच समाजातील होत्या का? संख्या पुरेशी होती का? दुसऱ्या कोणी तपासून तेच उत्तर मिळाले का? उत्तरे मिळेपर्यंत त्या अक्षरावर ठपका ठेवू नये.