सगळा चीन हिंदी बोलतो तेव्हा

व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' (१९४६) यूट्यूबवर फुकट आहे. प्रिंट धुरकट आहे, आवाज अधूनमधून खरखरतो, तेव्हा मोबाइलवर बघणार असाल तर हेडफोन लावाच. मी शेवटापासून सुरुवात करतो. जवळजवळ ऐंशी वर्षं जुन्या सिनेमाला स्पॉयलर लागत नाहीत.

चीनमध्ये कोटणीस मरणाच्या दारात आहे. बायको चिंग लान जवळ आहे, लहान मुलगा आहे. तो तिला सांगायला लागतो की तू माझ्या घरी जाशील तेव्हा वाट कशी असेल, काय काय दिसेल, कोण भेटेल. तो बोलत राहतो आणि पडद्यावर ती त्याच वाटेने जाताना दिसते. आवाज मरणाऱ्या माणसाचा, डोळे तिचे. मुलाला कडेवर घेऊन ती सासरच्या उंबऱ्यापर्यंत पोचते. ज्या घरात तिने कधी पाऊल टाकलेलं नाही त्या घराचा रस्ता तिला पाठ आहे, कारण नवऱ्याने तो तोंडी सांगितलाय. हिंदी सिनेमात घरची ओढ इतक्या साध्या युक्तीने दाखवलेली मी फार कमी वेळा बघितली आहे.

आणि हे सगळं झालेलंच नाही. ती बाई तेव्हा सोलापूरला आली नव्हती.

थोडी खरी माहिती. (खरे कोटणीस 'ते', सिनेमातला 'तो', असा हिशोब ठेवतो.) द्वारकानाथ शांताराम कोटणीस, जन्म १९१० चा, सोलापूरचे. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले. जपानने चीनवर हल्ला केल्यावर चिनी सेनापती झू दे यांनी नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. वर्गणी गोळा झाली आणि १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक निघालं : अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. चोळकर नागपूरचे, म्हणजे पाचात दोन आपल्याकडचे. कोटणीस यानानमार्गे उत्तर चीनच्या आघाडीवर गेले, १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी गेले. वय ३२. बाकीचे चौघे परतले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी या पथकावर जे पुस्तक लिहिलं आणि ज्यावरून सिनेमा निघाला, त्याचं नावच 'अँड वन डिड नॉट कम बॅक' असं आहे. एक जण परत आला नाही. पुस्तकाचं नाव जे कबूल करतं तेच सिनेमाच्या शेवटाला सोसवत नाही. माणूस परत येणार नसेल तर निदान त्याची बायको-मुलं तरी घरी आणून सोडायची.

मला हे एवढं का टोचतं ते सांगायला हवं. मी विसरवाडीचा. धुळ्याकडून सुरतेला जाताना कोंडाईबारीचा घाट उतरला की लागतं ते. तुम्ही जेवायला थांबला असाल कदाचित. नवापूर तालुका, गुजरातची हद्द जवळ, घराघरात मावची, भिली, कोकणी, अहिराणी. मराठी ही आमच्याकडे शाळेची आणि कचेरीची भाषा. मी आता पुण्यात कोड लिहितो. पण 'स्वयंसेवक' म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे जाणारा माणूस येत नाही, येणारा येतो. आमच्याकडे लोक येतात. शनिवार-रविवार जोडून बस येते, वह्या वाटल्या जातात, पोरांना नाचायला सांगतात, परतीच्या वाटेवर धबधबा होतो, बसमध्ये कुणाचा तरी वाढदिवस असतो आणि केक कापला जातो. मग पोस्ट पडते. माणसं वाईट नसतात हो. पण पुण्याहून आलेल्या माणसाला विसरवाडी हा परदेशच असतो, आणि तो परदेश त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलतो.

कोटणीसच्या सिनेमात हेच होतं. सगळा चीन हिंदी बोलतो. शेतकरी, शिपाई, सेनापती, शत्रूसुद्धा. चिनी माणसांची कामं आपल्याच नटांनी केलीत, डोळ्यांच्या कडा रंगवून. चिंग लान म्हणजे जयश्री, शांतारामांची तेव्हाची पत्नी. सेनापती म्हणजे बाबूराव पेंढारकर. १९४६ मध्ये मुंबईत चिनी नट कुठून आणणार, हे मला मान्य आहे. प्रश्न मेकअपचा नाही. प्रश्न असा की परक्या देशात गेलेल्या डॉक्टरचं सगळ्यात अवघड काम सिनेमाने एका फटक्यात पुसून टाकलं.

कारण खरे कोटणीस चिनी शिकले. नुसतं 'कसं आहे, बरं आहे' नाही. ते चिनी विद्यार्थ्यांना चिनीतून शल्यचिकित्सा शिकवायचे, आणि त्यावर चिनीत पाठ्यपुस्तक लिहायला घेतलं होतं ते पुरं व्हायच्या आत गेले. हे वाक्य पुन्हा वाचा. सोलापुरात वाढलेला, मुंबईत इंग्रजीतून डॉक्टरी शिकलेला माणूस चार वर्षांत, लढाई चालू असताना, तिसऱ्याच लिपीत पाठ्यपुस्तक लिहायला बसतो. मला नवीन प्रोग्रॅमिंग लँग्वेज शिकायला सहा महिने लागतात आणि तिच्यात टोन नसतात. जखमी शिपायाला 'कुठं दुखतंय' हे विचारता येण्याआधीचे त्यांचे महिने कसे गेले असतील? चुकीचा शब्द वापरून हसं झालं असेल, कुणा नर्सने दुरुस्त केलं असेल. या सगळ्यात एक अख्खा सिनेमा आहे, आणि शांतारामांनी तो काढला नाही.

त्यांना जमलं नसतं असंही नाही. १९३९ च्या 'माणूस'मध्ये त्यांनीच शांता हुबळीकरांना एकाच गाण्यात वेगवेगळ्या प्रांतांच्या भाषा गायला लावल्या होत्या, आणि भाषा बदलली की समोरचं गिऱ्हाईक कसं बदलतं ते नेमकं दाखवलं होतं. भाषा म्हणजे माणसाच्या जवळ जायची वाट, हे त्यांना पक्कं माहीत होतं. सात वर्षांनी, जिथे सगळ्यात जास्त गरज होती तिथे, ते ज्ञान त्यांनी वापरलं नाही.

त्याऐवजी काय आहे? साथीवरचा इलाज शोधणं आहे, शत्रूच्या हाती सापडणं आणि सुटणं आहे. पराक्रम आहे. आणि पराक्रमाच्या दोन तुकड्यांमध्ये, प्रेक्षकाला श्वास घ्यायला, प्रेम, गाणी आणि लग्न. म्हणजे काम एकीकडे, आयुष्य दुसरीकडे. बाहेर फिरणं, मजा, लग्न, मूल हे सगळं मधल्या वेळेतलं.

माझा या सिनेमाशी असलेला खरा वाद या वाटणीबद्दल आहे. आणि ती वाटणी आजच्या प्रत्येक स्वयंसेवकाच्या इन्स्टाग्रामवर जशीच्या तशी आहे. एक फोटो कामाचा, एक सहलीचा, एक वाढदिवसाचा. आपण सहलीच्या फोटोला नाक मुरडतो, 'गेलाय सेवेला आणि करतोय पिकनिक'. मी मुरडत नाही. मी एवढंच बघतो की फोटोत बाजूला कोण आहे. बरोबर आलेली मंडळीच आहेत, की तिथली? वाढदिवसाला कोण जेवायला होतं?

खऱ्या कोटणीसांचे टप्पे या नजरेने बघा. चीनला गेल्यावर आधी नाव बदललं. पथकातल्या पाचही जणांनी चिनी नावं घेतली आणि प्रत्येकाच्या शेवटी 'हुआ' लावलं. हुआ म्हणजे चीन. कोटणीसांचं 'के दीहुआ' झालं. वडील गेल्याची बातमी तिकडेच कळली. ते परतले नाहीत. गुओ चिंगलान, म्हणजे सिनेमातल्या चिंग लानचं मूळ, त्यांना १९४० मध्ये भेटली ती डॉ. नॉर्मन बेथून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात. बेथून कॅनडाचे. तेही असेच स्वेच्छेने आलेले, शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, जखम चिघळली आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये गेले. एका स्वयंसेवकाच्या थडग्यापाशी दुसऱ्याची सोयरीक सुरू होते! पटकथालेखकाने असं लिहिलं असतं तर आपण 'फारच फिल्मी' म्हणालो असतो. सिनेमातलं प्रेम मात्र वेगळ्या, गमतीच्या वाटेने जातं. १९४१ च्या अखेरीला लग्न. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा. त्याचं नाव सेनापती नी रोंगझेन यांनी सुचवलं : यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. बापाच्या नावाला चिकटलेलं 'हुआ' मुलाच्या नावातही आलं.

यातला एकही टप्पा मला 'मधल्या वेळेतला' वाटत नाही. गाव तुम्हाला कधी आपलं म्हणतं? आमच्याकडे बाहेरून आलेले एक डॉक्टर होते, काही वर्षं राहिले. त्यांना मावचीत विचारता यायचं की पोटात जळजळतंय, मुरडा मारतोय की कळ येतेय. माझ्या आजीला मराठीत फक्त 'दुखतंय' म्हणता येतं. पण आजी त्यांची आठवण काढते ती औषधाने नाही. त्यांच्या मुलीचं बारसं गावात झालं, पाड्यावरच्या बायका गेल्या, आजीनेही बाळाच्या हातावर दहाची नोट ठेवली, ती ते सांगते. त्यांनी किती पेशंट तपासले याचा आकडा कुणी काढलाच तर तो तिला ठाऊक नाही आणि हवाही नाही. कोटणीस जिथे राहिले त्या गावातले लोक त्यांना 'काळी आई' म्हणायचे असं सांगतात. शूर डॉक्टर नाही, महान डॉक्टर नाही. आई, आणि तीही काळी. हे टोपणनाव चिडवत चिडवत पडलं असणार. असं नाव पाहुण्याला पडत नाही.

सिनेमाला हे उमगलंच नाही असं म्हणणं मात्र अन्याय होईल. १९४६ मध्ये देश स्वतंत्र व्हायचा होता, आणि लोकांना दाखवायचं होतं की गुलाम देशातला एक तरुणही दुसऱ्यासाठी मरू शकतो. त्यासाठी 'अमर' शब्द लागतो, फडकता झेंडा लागतो. त्याच साली अब्बास यांचा हात लागलेले 'नीचा नगर' आणि 'धरती के लाल' आले. ते वर्षच भारलेलं होतं. पण अमर केलेल्या माणसाचा पुढे कुणीही वापर करतं. अमेरिकेत हाच सिनेमा कापूनकुपून 'नाइटमेअर इन रेड चायना' या नावाने खपवला गेला. चिनी पंतप्रधान भारतात आले की कोटणीसांच्या नातेवाइकांना भेटतात, फोटो निघतो. पुतळे दोन्हीकडे आहेत. पुतळ्याला कुणाची भाषा शिकावी लागत नाही.

आणि चिंग लान. सिनेमाचा सगळ्यात मोठा तोटा तिचा झाला. खरी गुओ चिंगलान नर्सिंग शिकवायची, युद्धाच्या आघाडीवर काम करायची. पडद्यावर ती शूर आहे खरी, पण हळूहळू भारतीय सून होत जाते, आणि शेवटी तिचं सगळं कर्तृत्व एवढंच उरतं की सांगितलेल्या रस्त्याने सासरी पोचायचं. कोटणीसने चीनला आपलं मानलं हे सिद्ध करायला सिनेमा चीनच्या मुलीला सोलापूरला पाठवतो! गणित उलटं नाही का झालं?

तरी मी तो शेवट तीनदा बघितला. कारण त्यात एक गोष्ट खरी आहे : जो तिकडे रुजला त्यालाही घरच्या वाटेवरची एकेक खूण आठवते. हे मला पुण्यात बसून कळतं. म्हणून तो सीन चुकवू नका, फक्त त्याला बातमी समजू नका.

खरी हकिगत अशी की गुओ चिंगलान चीनमध्येच राहिल्या. यिनहुआ डॉक्टर होण्याच्या वाटेवर होता. १९६७ मध्ये, वयाच्या पंचविशीच्या आत, तो वारला. त्या २०१२ पर्यंत जगल्या. नवऱ्याच्या घरच्यांना भेटायला त्या भारतात पहिल्यांदा आल्या १९५८ मध्ये, कोटणीस जाऊन सोळा वर्षं झाल्यावर. उंबऱ्याआड माणसं उभी असणार, मराठी बोलणारी. ही बाई चिनी बोलणारी. मध्ये हिंदी नाही, पार्श्वसंगीत नाही, वाट सांगणारा आवाज नाही. त्या दिवशी त्या घरात कोण कुणाशी कसं बोललं असेल, मला तो सिनेमा बघायचाय.