सायकलमार्गाची लांबी आणि चौकातील सायकलस्वार : नियोजनाच्या निकषांची एक समीक्षा

पुणे शहरातील सायकलविषयक नियोजनाचा हिशेब आजवर लांबीत मांडला गेला आहे. २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर या प्रायोगिक बीआरटी मार्गालगत सायकलमार्ग आखले गेले. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने मान्य केलेल्या सर्वंकष सायकल आराखड्यात ८२४ किलोमीटरचे जाळे प्रस्तावित होते. त्यांपैकी किती झाले आणि किती राहिले, हीच पुढे टीकेचीही भाषा होते. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप या मोजमापालाच आहे. दोन चौकांमधील सरळ रस्त्यावर सायकलस्वाराला स्वतंत्र पट्टा मिळतो. चौक जवळ आला की तो पट्टा बहुधा विरून जातो. वाहनांचे मार्ग जेथे एकमेकांना छेदतात, नेमके तेथेच त्याला वाऱ्यावर सोडले जाते.

या दृष्टीची मुळे जुनी आहेत. सायकलमार्गांच्या आखणीसंबंधी इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ मध्ये जी मानके प्रसिद्ध केली (आयआरसी ११), त्यांनुसार मोटारवाहने ताशी १०० ते २०० असतील, तर गर्दीच्या वेळी ताशी किमान ४०० सायकली असल्यास स्वतंत्र मार्ग समर्थनीय ठरे. मोटारवाहने २०० हून अधिक झाल्यास १०० सायकलीही पुरत. त्या काळाच्या मानाने हा निकष अनुदार नव्हता. परंतु रस्त्यावर दिसणारी सायकल हाच गरजेचा पुरावा, हे त्यामागील गृहीतक आज उलटे फिरते. चौकाच्या भीतीने ज्याने सायकल सोडली, तो मोजणीत येत नाही. जो उतरून झेब्रा पट्ट्यांवरून सायकल हाती धरून पलीकडे जातो, तो पादचाऱ्यांत गणला जाण्याची शक्यता अधिक. म्हणजे धोका जितका मोठा, तितका त्याचा पुरावा लहान! २०१५ मध्ये या मानकांची सुधारित आवृत्ती निघाली; तथापि ‘आधी सायकली दाखवा, मग मार्ग मागा’ ही वृत्ती सार्वजनिक चर्चेतून गेलेली दिसत नाही.

चौकातील धोका केवळ बेशिस्तीतून उद्भवतो, असे मानण्याकडे आपला कल असतो. वास्तविक त्याचा बराचसा भाग आखणीतच असतो. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारा सायकलस्वार ३५ मीटर रुंदीचा चौक ओलांडण्यास सुमारे साडेआठ सेकंद घेतो. ताशी ४० किलोमीटर वेगाच्या मोटारीला तीन सेकंद पुरतात. पिवळ्या दिव्याचे तीन आणि सर्व दिशांना लाल असण्याचे दोन, असे पाच सेकंद धरले, तर हिरव्याच्या अखेरच्या क्षणी नियमानुसार चौकात शिरलेला सायकलस्वार आडवी वाहतूक सुटताना अजून चौदा मीटर मागे असतो. त्याने कोणताही नियम मोडलेला नसतो.

डावे वळण याहून घातक. सरळ जाणारा सायकलस्वार डाव्या कडेला असतो आणि त्याच्या उजवीकडून आलेली बस वा मालमोटार डावीकडे वळताना त्याचा मार्ग कापते. लांब वाहनाची मागील चाके पुढील चाकांपेक्षा आतून वळतात, त्यामुळे कोपऱ्याशी थांबलेला मनुष्यही त्यांच्या कक्षेत येतो. ‘फ्री लेफ्ट’ची सोय आणि कोपऱ्याची प्रशस्त गोलाई वळणाचा वेग वाढवितात; वाहतुकीचा खोळंबा टळला म्हणून आपण त्याला सुधारणा म्हणतो. नेदरलंड्समध्ये अनेक चौकांच्या कोपऱ्यावर लहानसे बेट उभारून वळण आवळले जाते आणि सायकलींची थांबण्याची रेषा मोटारींच्या पुढे ठेवली जाते, जेणेकरून चालकाला सायकलस्वार समोर दिसतो.

सायकलविषयक जाहिरातींत शिरस्त्राणधारी, हौशी स्वार दिसतो, हेही येथे नोंदवले पाहिजे. तो पहाटे, रिकाम्या रस्त्यावर निघू शकतो. रात्रपाळी संपवून सकाळच्या गर्दीत घरी निघालेल्या सुरक्षारक्षकाला वेळ निवडता येत नाही आणि चौकही चुकविता येत नाही.

मोठ्या खर्चाची सबब येथे फारशी टिकत नाही. कोपऱ्याची गोलाई कमी करणे, थांबण्याची रेषा पुढे आखणे, सर्व-लाल कालावधी तीन-चार सेकंदांनी वाढविणे ही उड्डाणपुलाच्या तुलनेत किरकोळ कामे आहेत. अडचण निराळी आहे. रस्त्याची बांधणी महापालिकेकडे आणि वाहतुकीचे नियमन पोलिसांच्या वाहतूक शाखेकडे. सायकलमार्गाची निविदा किलोमीटरप्रमाणे निघते. सिग्नलचे ते तीन-चार सेकंद तिच्या कोणत्याही रकान्यात बसत नाहीत.