‘राजा’ या शब्दाचा अर्थ आणि ‘राजपुत्र’ सिद्धार्थ

वैशाख पौर्णिमेस पवई परिसरातील एका विहारात प्रवचन ऐकण्याचा योग आला. वक्त्यांनी तथागतांचा परिचय ‘सम्राट शुद्धोदनाचे राजपुत्र’ असा करून दिला आणि पुढे महाल, सिंहासन व त्याग यांचे वर्णन केले. आपल्या पुस्तिकांतही हेच वर्णन वारंवार आढळते. वक्त्यांच्या श्रद्धेविषयी शंका नाही. परंतु या वर्णनाचा सारा भार ‘राजा’ या एका शब्दावर आहे आणि त्या शब्दाची चिकित्सा आपण केलेली नाही.

संस्कृत वैयाकरण ‘राजन्’ शब्दाचा संबंध ‘शोभणे’ या अर्थाच्या ‘राज्’ धातूशी जोडतात. तौलनिक भाषाशास्त्र त्याला लॅटिन ‘रेक्स’ शब्दाशेजारी ठेवते आणि ‘सरळ नेणे, दिशा देणे’ हा मूळ अर्थ सुचवते. दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्ताची व्युत्पत्ती याहून वेगळी आहे. जो धम्माने इतरांचे रंजन करतो तो राजा, असे तेथे सांगितले आहे. भाषाशास्त्राच्या कसोटीवर ‘रञ्ज्’ आणि ‘राज्’ हे धातू भिन्न आहेत. शिवाय रंजनाची ही व्युत्पत्ती महाभारत आणि कालिदास यांनाही ठाऊक आहे. तेव्हा ती केवळ बौद्धांची, असा दावा टिकणार नाही.

सुत्ताचे वैशिष्ट्य नावांच्या क्रमात आहे. तेथे पहिले नाव ‘महासम्मत’, म्हणजे बहुजनांनी संमत केलेला. दुसरे ‘खत्तिय’, म्हणजे शेतांचा अधिपती. ‘राजा’ हे नाव तिसरे येते. चोरी, असत्य व मारहाण सुरू झाल्यावर लोक एकत्र जमतात, आपल्यांतील योग्य माणूस निवडतात आणि त्याला साळीच्या भाताचा वाटा देतात. हा उपदेश ब्राह्मणकुळातून आलेल्या वासेट्ठ आणि भारद्वाज यांना केलेला आहे, हे विसरता कामा नये. ब्रह्म्याच्या मुखातून जन्मल्याच्या अभिमानाला दिलेले ते उत्तर आहे. राजपद देवाकडून येत नाही, ते लोकसंमतीतून येते, हा त्याचा आशय होय.

आता व्यवहारातील अर्थ पाहू. एकपण्ण जातकाच्या प्रास्ताविक कथेत वेसालीतील लिच्छवी राजांची संख्या 7707 सांगितली आहे. आकडा सांकेतिक मानला, तरी एका नगरात हजारो ‘राजे’ असू शकतात एवढे त्यावरून कळते. कौटिल्याचे अर्थशास्त्र लिच्छवी, वृजी, मल्ल आदी संघांना ‘राजशब्दोपजीवी’ म्हणते, म्हणजे राजा ही पदवी धारण करणारे. गणसंघात ‘राजा’ हा सभेचा मानकरी होता.

मग आपल्या कानाला एकछत्री अधिपती हाच अर्थ सवयीचा का झाला? पवईच्या उत्तरेस असलेल्या कान्हेरीच्या लेखांत यज्ञश्री सातकर्णीच्या राज्यवर्षांनी कालनिर्देश केला आहे. नाणेघाटात ‘राया सिमुक’ आहे, तर नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या लेखात तिचा पुत्र राजांचा राजा झाला आहे. महाराष्ट्राला शिलालेखांतून परिचित झालेला राजा हा असा वंशपरंपरेचा. तरीही मराठीने शब्दाची लवचिकता जपली. ‘राजकुल’चे ‘राऊळ’ झाले आणि देवळास लागू पडले. ‘राजपुत्र’चा ‘राऊत’ झाला, तो घोडेस्वार. शब्द तोच, पण पदार्थ बदलला.

शुद्धोदनाविषयी तिपिटकाची साक्ष एकमुखी नाही. महापदानसुत्त त्यांना राजा आणि कपिलवस्तूला राजधानी म्हणते. पण महावग्गात राहुलाच्या प्रव्रज्येच्या प्रसंगी ते ‘सुद्धोदन सक्क’ एवढेच आहेत, आणि चुल्लवग्गात शाक्यांचा राजा म्हणून भद्दियाचे नाव येते. सुत्तनिपातातील पब्बज्जासुत्तात बिंबिसाराला आपले कुळ सांगताना गोतम पित्याच्या राजेपणाचा उल्लेखही करत नाहीत. धर्मानंद कोसंबी यांनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात या प्रश्नाची चिकित्सा केली आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या 1957 साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात शाक्यांचे राजपद पाळीपाळीने येई, असे मांडले.

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितले की, भिक्खुसंघास आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतगणना हे सभेचे नियम ठाऊक होते, आणि तथागतांनी ते तत्कालीन राजकीय सभांकडून घेतले असावेत. शुद्धोदनाला सम्राट केले, की ही सभाच अदृश्य होते. रोहिणीच्या पाण्यावरून युद्धाचा ठराव आला असता त्याला विरोध करणारा, बहुमतापुढे एकटा पडलेला आणि परिणाम स्वीकारणारा सभासद सिद्धार्थ बाबासाहेबांनी आपल्यापुढे उभा केला. त्याच्या जागी सुखाला विटलेला राजकुमार येतो. पहिल्याचे अनुकरण नागरिकाला करता येते. दुसऱ्याकडे केवळ हात जोडून पाहता येते.

मात्र उलट टोकही गाठू नये. शाक्यांची सभा ही आजची लोकशाही नव्हती. रोहिणीचे भांडण ज्या दास-कामकऱ्यांत प्रथम जुंपल्याचे जातकट्ठकथा सांगते, त्यांना त्या सभेत आसन नव्हते. ते आसन संघात मिळाले. न्हावी उपाली शाक्य तरुणांच्या आधी प्रव्रजित झाले आणि त्या तरुणांनी त्यांना वंदन केले. म्हणून प्रवचनकारांना एवढीच विनंती की, ‘राजपुत्र’ म्हणण्यापूर्वी ‘शाक्य संघाचे सभासद’ असे म्हणून पाहावे.