'वैमानिक शास्त्र' आणि वायुगतिकीची कसोटी

शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 साली मुंबईच्या चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचे मनुष्यविरहित विमान सुमारे 1500 फूट उंच उडविले, ही कथा मराठी वाचकांच्या परिचयाची आहे. 'वैमानिक शास्त्र' या संस्कृत ग्रंथाचे नाव तिच्याशी नेहमी जोडले जाते. जानेवारी 2015 मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला, तेव्हा हा वाद पुन्हा उसळला. उभय पक्षांनी साक्षी व अस्मिता यांवरच भर दिला. वायुगतिकीच्या पहिल्या पाठातील प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला.

तो प्रश्न साधा आहे. झरी जामणीच्या खळ्यावर धान्य उफणताना भुसा दूर जातो व दाणा पायाशी पडतो. वजन व वाऱ्याची ओढ यांचाच तो हिशेब होय. विमानाच्या हिशेबात पंखाची उचल व यंत्राचा रेटा यांची भर पडते. उचल ही हवेची घनता, पंखाचे क्षेत्रफळ आणि वेगाचा वर्ग यांच्या प्रमाणात असते. वेग सेकंदास 10 मीटर व उचल-गुणांक 1 धरल्यास चौरस मीटरमागे जेमतेम 6 किलोग्रॅम भार पेलला जातो. म्हणजे 200 किलोग्रॅमच्या यानास सुमारे 33 चौरस मीटर पंख हवेत. चौपाटीच्या प्रचलित कथनांत वजन, क्षेत्रफळ व शक्ती यांचा असा मेळ घातलेला नसतो.

ग्रंथाची गोष्टही निराळी नाही. भरद्वाजांच्या नावावर असलेले हे श्लोक पंडित सुब्बराय शास्त्री यांनी 1918 ते 1923 या काळात सांगून लिहविले, आणि जोस्येर यांनी ते 1973 मध्ये इंग्रजी अनुवादासह प्रसिद्ध केले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मुकुंद, देशपांडे प्रभृती पाच संशोधकांनी 1974 साली त्याचे परीक्षण केले. भाषा व हस्तलिखिताचा इतिहास पाहून त्यांनी ग्रंथरचना 1904 च्या पूर्वीची नसल्याचे ठरविले. शकुन, सुंदर, रुक्म व त्रिपुर या विमानांची आकृती तपासून त्यांपैकी एकही उडण्याजोगे नाही, उलट त्यांतील प्रेरणयोजना उड्डाणास अडथळाच करील, असा निष्कर्ष काढला. या परीक्षणाचे खरे मोल निष्कर्षापेक्षा पद्धतीत आहे. ग्रंथ न वाचता त्याची थट्टा करणे त्यांनी टाळले, आणि तो आपला आहे म्हणून त्याला सूटही दिली नाही.

ही कसोटी केवळ भारतीय परंपरेसाठी राखून ठेवलेली आहे, असा आक्षेप संभवतो. तथापि तो टिकत नाही. राइट बंधूंच्या 1901 च्या ग्लायडरने अपेक्षेहून फारच कमी उचल दिली, तेव्हा त्यांनी स्मीटनच्या नावाने दीर्घकाळ रूढ असलेल्या 0.005 या गुणांकावरच संशय घेतला व तो सुमारे 0.0033 असल्याचे ठरविले. त्याच वर्षी लहानसा वातबोगदा बांधून त्यांनी पंखांचे नमुने मोजले. 1903 चे उड्डाण हे परंपरेवरील श्रद्धेचे नव्हे, तिच्या फेरतपासणीचे फळ होय.

तळपदे यांच्या जिज्ञासेचा गौरव अवश्य व्हावा. परंतु अपुऱ्या पुराव्यावर यश लादल्याने प्रयोगकर्त्याचा गौरव होत नाही, त्याचा प्रयोग मात्र दंतकथेत हरवतो. वायुगतिकी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला वारसा द्यावयाचाच असेल, तर तो उड्डाणाच्या कथेपेक्षा 1974 च्या त्या परीक्षणाचा द्यावा.