‘भूमिका’: मागेपुढे होणाऱ्या काळाचा अर्थ

श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ (१९७७) पहिल्यांदा पाहताना गोंधळायला होतं. नायिका उषा आत्ता नावाजलेली नटी असते, तर पुढच्या दृश्यात गावाकडच्या घरात धावणारी लहान पोर. वर्षाची पाटी नाही, निवेदक नाही. उषा साकारणाऱ्या स्मिता पाटीलच्या अभिनयासाठी चित्रपट आवडला, पण गोष्टीचा क्रम नीट लागला नाही, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्या विस्कटलेल्या क्रमातच चित्रपटाचा गाभा आहे, असं मला वाटतं.

सुरुवात लावणीने होते. ठेका, घुंगरू, नऊवारीतली उषा. आपण रंगात येतो आणि मध्येच चित्रीकरण थांबतं. तो फड नव्हता, स्टुडिओतला सेट होता. पहिल्या काही मिनिटांतच बेनेगल आपल्याला पाहण्याची रीत शिकवतात: जे दिसतंय ती उषा असेल किंवा उषाने वठवलेलं पात्र असेल, तेव्हा लगेच विश्वास ठेवू नका. सहकलाकार राजन तिला घरी सोडतो, दारातच नवरा केशव संशय घेतो, भांडण पेटतं आणि ती घर सोडते. इथून काळ मागेपुढे होऊ लागतो.

तो कधी मागे जातो, हे नीट पाहावं. वर्तमानाची गोष्ट तशी सरळ आहे: घर सुटतं, हॉटेल येतं, विनायक काळे भेटतो, त्याचा वाडा येतो, मग पुन्हा मुंबई. या प्रवासात घर मागे पडलं, की पूर्वीची घरं तिच्या मनात उघडू लागतात. बालपण कृष्णधवल आहे. त्यात कोंबडी कापली जाऊ नये म्हणून ती घेऊन पळणारी उषा दिसते. कोंबडी वाचत नाही. त्या घरातलं तिचं स्थान एवढ्यावरून कळतं. घरी येणारा-जाणारा केशव तिला मुंबईच्या स्टुडिओत नेतो, पुढे तोच नवरा होतो आणि तिच्या कामाचे व्यवहारही पाहू लागतो. रेडिओवरच्या बातम्या आणि त्या-त्या काळाच्या ढंगात पुन्हा रचलेली चित्रपटांतली दृश्यं यांवरून वर्षं ओळखायची. गोविंद निहलानींच्या छायाचित्रणातला रंगांचा बदल हाताशी धरला, तर वाट चुकत नाही.

आपल्या परळ-भोईवाड्यातल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटू नये. ‘भूमिका’ला आधार आहे अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनाचा, आणि त्या आत्मकथनाचं नाव आलं आहे अनंत माने यांच्या १९५९च्या गाजलेल्या तमाशापटावरून. परळचा राजकमल स्टुडिओ इथून चालत जाण्याइतका जवळ. वाडिया मूव्हीटोनच्या जागेत व्ही. शांताराम यांनी १९४२ साली राजकमल कलामंदिर उभं केलं. त्याच संस्थेच्या ‘लोकशाहीर रामजोशी’ने (१९४७) हंसाबाईंना मोठं नाव दिलं. गिरण्यांच्या भोंग्यावर चालणाऱ्या या वस्तीत स्टुडिओ हेही कामाचंच ठिकाण होतं. घर चालतं बाईच्या कमाईवर आणि हिशेब मात्र दुसऱ्याच्या हाती, हे दुखणं गिरणगावातल्या कितीतरी घरांनी सोसलं आहे. केशव उषाला पुन्हा कामावर धाडतो, तेव्हा केशव साकारणारे अमोल पालेकर कुठेही खलनायकी थाट आणत नाहीत. गोड बोलून हक्क गाजवणारा हा माणूस आपल्या चाळीत कुठेही सापडेल, म्हणून तो जास्त बोचतो.

हीच गोष्ट सरळ रेषेत सांगितली असती तर? गरीब घरची गुणी मुलगी, नाव, पैसा, मग एकामागून एक पुरुष आणि शेवटी एकटेपण. प्रेक्षकाने ‘वाहवत गेली’ म्हणून निकाल देऊन टाकला असता. काळ मोडल्यामुळे सगळी घरं शेजारी-शेजारी येतात आणि आपण त्यांची तुलना करू लागतो. केशव तिची कमाई वापरतो. दिग्दर्शक सुनील वर्मा मरणाची भाषा करतो, पण दोघांनी मिळून मरायचं ठरतं तेव्हा तोच ते हाणून पाडतो. काळे तिला मानाने वागवतो, सासू-मुलासह संसार देतो, पण त्या मुलाला जत्रेला न्यायचं म्हटल्यावर उंबरा ओलांडायची मुभा नाही असं कळतं. अंथरुणाला खिळलेली काळेची बायको तिला सांगते, की बिछाना बदलतो, चूल बदलते, पुरुषांचे मुखवटे बदलतात, पुरुष बदलत नाहीत. साऱ्या रचनेने तोवर दाखवून दिलेलंच ती दोन वाक्यांत बोलते. तिथून सुटायला उषाला केशवलाच बोलवावं लागतं, यातली क्रूरता आधीची घरं पाहिलेल्यालाच पुरती कळते.

स्मिता पाटील तेव्हा जेमतेम बावीस वर्षांच्या होत्या. किशोरवयातला हट्ट, नटीचा तोरा, वाड्यातली मवाळ गृहिणी आणि थकलेली बाई या सगळ्या अवस्था त्यांनी मान आणि नजर यांच्या नेमक्या फरकाने वेगळ्या केल्या. राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला तसा पटकथेलाही मिळाला. दोन्ही गोष्टी एकमेकींशिवाय उभ्या राहिल्या नसत्या.

शेवटी उषा हॉटेलच्या खोलीत उरते. हा शेवट उदास आहे, हे खरं. पण आई, नवरा, दिग्दर्शक, धनी यांपैकी कुणीही ही खोली तिच्यासाठी मांडून ठेवलेली नाही. पहिल्यांदाच तिला कुणी ठरवून दिलेली भूमिका करायची नाही. ती पुढे काय करेल हे चित्रपट सांगत नाही, आणि ते सांगण्याचा अधिकार तो आपल्यालाही देत नाही. तिच्या आयुष्याचा क्रम लावण्याचं काम अखेर तिचंच आहे.